गर्द

गर्द हा हेरॉइनचा भेसळयुक्त प्रकार असून तो तपकिरी भुकटीच्या रूपात, पुड्यांमधून चोरून विकला जातो. त्याला ब्राउन शुगर किंवा स्मॅक असेही म्हणतात. अफूच्या बोंडातील चिकापासून मॉर्फिन मिळते आणि त्यावर रासायनिक प्रक्रिया केली की हेरॉइन तयार होते. लंडनमध्ये सी. आर. आल्डर राइट यांनी १८७४ मध्ये ते प्रथम बनवले. १८९८ पासून बायर या जर्मन कंपनीने ते चक्क खोकल्यावरचे औषध म्हणून विकले. मुंबईत गर्दाचे व्यसन १९८०च्या दशकात झपाट्याने पसरले.

भुकटी पन्नीवर ठेवून खालून काडीची आच देतात आणि उठणारा धूर नळीने ओढतात. धुरावाटे हेरॉइन काही सेकंदांत मेंदूत पोहोचते. सुरुवातीची धुंदी फार काळ टिकत नाही. शरीराला सवय होते आणि तेवढ्याच परिणामासाठी मात्रा वाढवावी लागते. पुढे माणूस गर्द ओढतो तो मुख्यतः ‘टर्की’, म्हणजे गर्द न मिळाल्याने होणारा शारीरिक त्रास, टाळण्यासाठी. शेवटच्या मात्रेनंतर साधारण ६ ते १२ तासांत नाक-डोळे गळू लागतात, जांभया येतात, अंगावर काटा येतो, हाडे ठणकतात, उलट्या-जुलाब होतात आणि झोप उडते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा त्रास कळसाला पोहोचतो आणि आठवडाभरात बराचसा ओसरतो. टर्कीची दहशत मोठी असली, तरी धडधाकट माणूस तिने सहसा दगावत नाही. या बाबतीत अट्टल दारुड्याची दारू अचानक तोडणे अधिक धोक्याचे.

मृत्यू येतो तो श्वास मंदावल्याने. मेंदूतील श्वसनाचे नियंत्रण करणारे केंद्र हेरॉइनमुळे दबते. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, ओठ निळे पडतात, माणूस हलवूनही जागा होत नाही. सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेतल्यास धोका कित्येक पटींनी वाढतो. पुडीत हेरॉइन किती आणि भेसळ किती, हे घेणाऱ्याला कधीच कळत नाही. नॅलोक्झोन हे औषध वेळेवर दिले तर श्वास परत सुरू होऊ शकतो, पण त्याचा अंमल लवकर उतरतो; म्हणून रुग्णालयात देखरेख लागतेच.

सर्वांत घातक काळ मात्र व्यसन सुटल्यानंतरचा. तुरुंगातून किंवा उपचार केंद्रातून बाहेर पडलेल्याची सहनशक्ती उतरलेली असते. त्याने पूर्वीचीच मात्रा घेतली तर तीच जीवघेणी ठरते. घरच्यांना ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते.

सततच्या धुराने फुफ्फुसे खराब होतात, बद्धकोष्ठता जडते, स्त्रियांची पाळी अनियमित होते. गरोदरपणी व्यसन असल्यास नवजात बाळालाही टर्की येते. सुईने घेणाऱ्यांना एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी, गळवे आणि हृदयाच्या झडपांचा जंतुसंसर्ग यांचा धोका असतो.

उपचारांत नुसत्या निर्धारावर भिस्त ठेवणे चूक आहे. ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन ही गर्दाऐवजी द्यायची औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली दीर्घकाळ दिल्याने मृत्यूचे प्रमाण घटते. पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या आर्थिक साहाय्याने १९८६ मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गर्द बाळगणे व सेवन करणे गुन्हा असला, तरी कलम ६४-अ नुसार स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला, अल्प मात्रेच्या वा सेवनाच्या गुन्ह्यात, खटल्यापासून संरक्षण मिळू शकते.