ट्रेनरवर टायर एवढा का तापतो, आणि मग लावायचा कुठला

जून लागला की पुण्या-मुंबईकडच्या सायकलवाल्यांचे ट्रेनर (घरात जागच्या जागी सायकल चालवायचे स्टँड) माळ्यावरून खाली येतात आणि आठ-पंधरा दिवसांत ठरलेला प्रश्न येतो, की मागच्या चाकाखाली फरशीवर हा काळा भुसा कसला पडतोय, टायर बोगस लागला का. टायर बहुतेक वेळा चांगलाच असतो, उलट जितका भारी टायर तितका भुसा लवकर, आणि ह्यातली गंमत समजून घ्यायची तर रबर, रोलरचा आकार आणि थोडा हिशोब एवढं पुरतं.

मी बोलतोय ते जुन्या पद्धतीच्या ट्रेनरबद्दल. सायकल आख्खी ठेवायची, मागचा एक्सल दोन्हीकडून आवळायचा आणि टायरला मागून एक छोटा धातूचा रोलर टेकवायचा. चाक काढून सायकल थेट ट्रेनरच्या कॅसेटवर (मागच्या गियरच्या दातेरी चकत्यांवर) चढवायचे डायरेक्ट ड्राइव्हवाले २०१२ च्या वाहू किकरनंतर बरेच पसरले, पण त्यांच्या किमतीत एक बऱ्यापैकी सायकल येते त्यामुळे रोलरवाले काही इतक्यात जात नाहीत.

तर रबर. रबर दाबलं की दबतं, सोडलं की परत मूळ आकारात येतं, पण दाबताना त्यात जेवढी ऊर्जा घातली तेवढी सगळी ते परत देत नाही. आतल्या लांबच लांब रेणूंच्या साखळ्या एकमेकींवर घासत सरकतात आणि थोडी ऊर्जा तिथेच उष्णता होऊन बसते, ह्याला हिस्टेरेसिस म्हणतात. रस्त्यावर सायकल चालवताना टायरमुळे जो रोलिंग रेझिस्टन्स (चाक फिरताना होणारा विरोध) येतो तो मुख्यतः हाच.

आता रस्ता सपाट असतो, टायर त्यावर पसरून बसतो. ट्रेनरचा रोलर मात्र साधारण ५० मिलिमीटर व्यासाचा धरा, तो टायरमध्ये अक्षरशः घुसतो आणि रबराला छोट्याशा जागेत उलट्या बाजूला वाकवतो. ड्रम जितका लहान तितका टायरचा रेझिस्टन्स जास्त, हे टायर कंपन्यांना चांगलं माहीत असतं, म्हणून कारच्या टायरची चाचणी १.७ किंवा २ मीटर व्यासाच्या अवाढव्य ड्रमवर घेतात आणि तरीही आकड्यात दुरुस्ती करावी लागते. ढोबळ नियम असा: चाकाच्या त्रिज्येला रोलरच्या त्रिज्येने भागा, त्यात १ मिळवा, वर्गमूळ काढा. आपल्या रोड बाइकचं चाक साधारण ३३५ मिलिमीटर त्रिज्येचं, रोलर २५ चा, उत्तर येतं ३.८. म्हणजे तोच टायर, तेवढाच दाब, आणि रेझिस्टन्स जवळपास चौपट!

आकडे घालून बघू. रस्त्यावर सायकल धरून ८५ किलो वजन, ताशी ३० किलोमीटर वेग, बरा टायर, तर दोन्ही टायर मिळून साधारण ३५ वॅट खातात, त्यातही वारा लागत असतो आणि दर क्षणाला नवा गार रस्ता खाली येत असतो. ट्रेनरवर आपलं वजन एक्सलमधून स्टँडवर जातं, टायरवर फक्त रोलरचा दाब असतो, तो समजा ३० किलोचा आहे, तर त्याच वेगाला एकटा मागचा टायर ५० वॅटच्या आसपास खातो. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते, तशा दोन सतत टायरवर चालू आहेत असं समजा. ती उष्णता पूर्ण चाकभर पसरते म्हणून टायर वितळत नाही एवढंच, पण हात लावून बघा, चटका बसेल इतपत तापलेला असतो. आणि तासाभरात ३० किलोमीटर मारले म्हणजे टायरचा प्रत्येक भाग १४ हजारांहून जास्त वेळा त्या रोलरवरून चेपला गेला. तापून मऊ पडलेलं रबर, वरून पॅडल मारताना होणारी बारीक बारीक घसरण, झाला भुसा.

म्हणूनच हवा कमी ठेवायची नाही. रोड बाइकच्या बारीक टायरला १०० पीएसआयच्या (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक) आसपास चालते, हायब्रिड सायकलच्या जाड टायरला बाजूवर जी मर्यादा छापलेली असते तिच्या वरच्या टोकाजवळ. हवा कमी म्हणजे टायर जास्त वाकणार म्हणजे जास्त तापणार. राइडनंतर मोजली तर हवा वाढलेली दिसते आणि लोक घाबरून सोडून देतात, तसं करू नका. २५ अंशाला १०० पीएसआय भरली आणि आतली हवा ४५ अंशाला गेली तर गेजवर १०७-१०८ दिसणार, टायर गार झाला की परत जागेवर. (नुसत्या १०० वर २० अंशांचं गणित केलं तर आकडा थोडा कमी येतो, कारण गेज बाहेरच्या हवेचा १४.७ पीएसआय दाब धरत नाही, तो मिळवून करायचं असतं.)

मग टायर कुठला? खास ट्रेनरचे टायर मिळतात, कॉन्टिनेन्टलचा होमट्रेनर, श्वाल्बेचा इनसायडर वगैरे, त्यांचं रबर उष्णता सहन करेल असं बनवलेलं असतं, नक्षी नसते, भुसा आणि आवाज दोन्ही कमी. पण हे टायर घेऊन रस्त्यावर जायचं नाही, कंपन्या स्वतःच तसं सांगतात. रस्त्याच्या टायरचं रबर ओल्या डांबराला धरण्यासाठी बनवतात, ह्यांच्यात तो विचारच केलेला नाही, पावसात पहिल्याच वळणावर खाली याल. म्हणजे ट्रेनर टायर घेतला की एकतर दर वेळी टायर बदलत बसा (आणि हे टायर रिमवर चढवताना बोटं सोलवटतात) किंवा मागचं एक जादा चाक ठेवा.

माझं मत विचाराल तर आठवड्यातून दोन-तीनदाच ट्रेनर करणाऱ्याने खास टायर घ्यायची गरजच नाही. रस्त्यावर झिजून गोटा झालेला टायर असतो ना, जो आता पावसात नको म्हणून काढून ठेवलेला असतो, तो ट्रेनरवर झकास चालतो. फक्त बाजूला चिरा किंवा दोरे दिसत नाहीत ना ते बघा. नव्या कोऱ्या महागड्या रेसिंग टायरचं सगळं कौतुक त्याच्या मऊ रबरात आणि पातळ अंगात असतं आणि रोलरला नेमकं तेच खायला आवडतं.

एमटीबीचे (माउंटन बाइकचे) जाड खाचांचे टायर मात्र अजिबात नको. प्रत्येक गठ्ठा रोलरवर आपटतो, वाकतो, सुटतो, त्यामुळे उष्णता तर आहेच, पण आवाज! गठ्ठे अडीच सेंटीमीटरवर असतील तर ताशी ३० ला सेकंदाला ३३३ ठोके पडतात, म्हणजे थेट कानाला लागणारा भुंग्यासारखा सूर, आणि रोलर स्वतः सेकंदाला पन्नासेक फेरे घेत असतो त्याची घरघर खालून स्लॅबमधून जाते. खालच्या मजल्यावरच्या काकांची तक्रार ह्या दुसऱ्या घरघरीची असते, त्याला जाड रबरी मॅट हवी, नुसता टायर बदलून भागत नाही. एमटीबीला त्याच मापाचा गुळगुळीत टायर मिळतो, तो घाला.

घसरण हा वेगळा विषय आहे आणि त्यात लोक फक्त रोलर आवळत सुटतात. रोलर टायरला टेकला की त्यापुढे किती वळसे आवळायचं ते मॅन्युअलमध्ये असतं, साधारण दोन-तीन. रोलर किंवा फ्लायव्हील (रोलरला जोडलेलं जड चाक) हाताने घट्ट धरून चाक फिरवायचा प्रयत्न करा, चाक घसरलं तर अजून थोडं आवळा, नाही घसरलं तर पुरे. त्याहून जास्त आवळणं म्हणजे वरचे ५० वॅट स्वतःच्या हाताने ७० करणं. पण एवढं करूनही झ्विफ्टवर (ट्रेनरला जोडून चालवायचं ॲप) चढ आला किंवा स्प्रिंट मारला की टायर किंचाळतो, कारण पॉवर म्हणजे बल गुणिले वेग. ३०० वॅट तुम्ही ताशी ३० ला देताय तर टायर-रोलरमध्ये ३६ न्यूटन बल लागतं, तेच ३०० वॅट हलका गियर टाकून चाक ताशी ११ ने फिरवत देताय तर जवळपास १०० न्यूटन, आणि घाम नाहीतर भुसा लागून रोलर गुळगुळीत झाला असेल तर एवढ्यात सुटतो. त्यामुळे घसरत असेल तर एक-दोन गियर जड टाका, चाक जोरात फिरेल, पकड टिकेल. आवाज वाढेल, ते सोसा. आणि रोलर अधूनमधून स्पिरिटच्या फडक्याने पुसा.

आता चाक. रस्त्यावर चाकासाठी आपण पैसे मोजतो ते हलकेपणाला आणि हवा कापण्याला, आणि ट्रेनरवर ह्या दोन्हीची किंमत शून्य. पुढचं चाक तर फिरतच नाही. मागचं हलकं असलं तर उलट किंचित तोटाच, कारण रस्त्यावर ताशी ३० ला ८५ किलोच्या सायकल-स्वारात जवळजवळ २,९५० ज्यूल गतिज ऊर्जा असते, तीच पॅडलच्या दोन जोरांमधल्या खड्ड्यात आपल्याला पुढे नेते, आणि ट्रेनरवर ती कुठेच नसते म्हणून फ्लायव्हील लावतात. रिम आणि टायर मिळून सव्वा किलो असतील तर त्यात जेमतेम ४०-४५ ज्यूल, पण आहेत ते आहेत. तेव्हा जुनं, जड, अल्युमिनियमचं चाक बिनधास्त लावा. एक अट, चाकाचा आऊट (वाकडेपणा) काढून घ्या, आणि डावी-उजवीकडच्या आऊटपेक्षा वर-खाली उडणाऱ्या आऊटकडे जास्त लक्ष द्या, कारण चाक उडालं की रोलरचा दाब दर फेरीला कमी-जास्त होतो आणि पायाला ते धडधड जाणवतं.

जादा चाक ठेवणार असाल तर कॅसेट तेवढ्याच स्पीडची (म्हणजे तेवढ्याच चकत्यांची) हवी, हे सांगायला नको पण दुकानात हमखास विसरतं. क्विक रिलीजही (चाक सायकलला आवळायचा खटक्याचा दांडा) ट्रेनरसोबत आलेलाच, स्टीलचा, वापरायचा.

स्मार्ट ट्रेनर (स्वतः वॅट मोजून ॲपला सांगणारा) असेल तर अजून एक भानगड. रबर तापलं की हिस्टेरेसिस कमी होतो, म्हणजे पहिल्या दहा मिनिटांत टायर जास्त वॅट खातो आणि नंतर कमी, आणि बिचाऱ्या ट्रेनरला टायर किती खातोय ते थेट कळत नाही, तो फक्त रोलरचा वेग आणि स्वतःचा ब्रेक जाणतो. म्हणून स्पिनडाउन कॅलिब्रेशन (चाक वेगात नेऊन सोडायचं आणि ते किती वेळात मंदावतं त्यावरून ट्रेनरने आपला हिशोब जुळवायचा) दहा मिनिटं चालवून झाल्यावर करायचं, आणि हवा बदलली किंवा रोलर कमी-जास्त आवळला की परत. गार टायरवर कॅलिब्रेट करून मग एफटीपी (साधारण तासभर टिकवता येणारे वॅट) वाढला म्हणून पार्टी देणारे लोक आहेत.

तीन ड्रमचे मोकळे रोलर्स, ज्यावर सायकल नुसती ठेवून तोल सांभाळत चालवतात, तिथे हे सगळं उलट कामाला येतं. त्यात बहुतेकदा वेगळा ब्रेकच नसतो, टायर वाकवण्यात जाणारी ऊर्जा हाच जवळपास पूर्ण व्यायाम. ड्रम लहान घेतला किंवा हवा थोडी कमी केली की लगेच जड लागतं.

डायरेक्ट ड्राइव्ह घेतलात तर टायरची कटकटच संपली, फक्त डिस्क ब्रेकवाल्यांनी मागचं चाक काढल्यावर कॅलिपरमध्ये (ब्रेकचे पॅड बसतात त्या चिमट्यात) प्लास्टिकची ठोकळी घालून ठेवा. ती नसताना कोणी पोराने मागचा ब्रेक दाबला की पिस्टन पुढे येऊन बसतात आणि रविवारी पहाटे राइडला निघताना रोटर (चाकावरची ब्रेकची चकती) आत जात नाही.