विनेशीक काउंटी

विनेशीक काउंटी : अमेरिकेच्या आयोवा राज्याच्या ईशान्य भागातील, मिनेसोटाच्या सीमेला लागून असलेली ग्रामीण काउंटी. क्षेत्रफळ सुमारे १,७९० चौ. किमी.; लोकसंख्या २०,०७० (२०२०). मुख्य ठाणे डेकोरा (७,५८७). अखेरच्या हिमयुगातील हिमनद्या या टापूपर्यंत आल्या नाहीत. त्यामुळे चुनखडीचे कडे, झरे आणि अप्पर आयोवा नदीचे खोल वळसे येथे टिकून आहेत.

हो-चंक (विनेबागो) या मूलनिवासी लोकांना १८४० च्या सुमारास या भागात हलवून त्यांच्यावर देखरेखीसाठी फोर्ट ॲटकिन्सन हा किल्ला बांधण्यात आला. १८४८ मध्ये त्यांना येथूनही मिनेसोटात नेल्यावर पुढच्याच वर्षी लष्कराने किल्ला सोडला. काउंटी व मुख्य गाव या दोहोंची नावे मात्र हो-चंक प्रमुखांचीच आहेत.

गोऱ्या वसाहतकऱ्यांची गावे चर्च, शाळा व मायबोली यांभोवती वाढली. डेकोरा नॉर्वेजियनांचे. लूथर कॉलेज (स्था. १८६१) १८६२ पासून येथे आहे, ‘डेकोरा-पोस्टेन’ हे नॉर्वेजियन वृत्तपत्र १८७४ ते १९७२ पर्यंत चालले. १९६७ पासून जुलैअखेरीस नॉर्डिक फेस्ट भरतो. उकडलेला बटाटा व मैदा मळून, खाचदार लाटण्याने लाटलेली आणि मोठ्या तव्यावर भाजलेली लेफ्से तेथे लोकांसमोर करून लोणी-साखर लावून देतात.

स्पिलव्हिल हे चेक लोकांचे खेडे. तेथील सेंट वेन्सेस्लास चर्च १८६० चे. चेक संगीतकार अंतोनिन द्वोर्झाक याने १८९३ चा उन्हाळा सहकुटुंब येथे घालवला. ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनी त्याने येथे रचली, असे अनेकदा सांगितले जाते. परंतु तिची संहिता न्यूयॉर्कमध्ये २४ मे रोजीच पूर्ण झाली होती. स्पिलव्हिलची खरी निर्मिती म्हणजे एफ मेजरमधील तंतुवाद्य-चतुष्टय, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठीची रचना (कृती ९६). त्याचा आराखडा ८ ते १० जून या तीन दिवसांत उतरला आणि २३ जूनला ते पुरे झाले. पहिले वादन घरगुती होते : पहिले व्हायोलिन स्वतः द्वोर्झाकने घेतले, बाकीची वाद्ये गावातील शाळामास्तर कोवार्झिक यांच्या घरच्यांनी.

याच चतुष्टयाच्या तिसऱ्या भागात व्हायोलिनवर उंच पट्टीत येणारी एक लकेर स्थानिक पक्ष्याची मानतात. तो लाल अंगाचा, काळ्या पंखांचा होता, या कोवार्झिकपुत्राच्या आठवणीवरून तो स्कार्लेट टॅनेजर ठरवला गेला. अलीकडे काही अभ्यासकांनी रेड-आइड व्हिरिओचे नाव पुढे केले आहे. नोंदलेले स्वर पाहता हे मत अधिक ग्राह्य वाटते : रंग एका पक्ष्याचा पाहिला आणि गाणे जवळच्याच दुसऱ्याचे ऐकले, असे घडणे दाट झाडीत अवघड नाही. त्यानंतरच्या पंचकातील (कृती ९७) ढोलासारख्या लयीचा संबंध गावात आलेल्या औषधविक्रेत्यांच्या ताफ्यातील मूलनिवासी वादकांशी जोडतात. तो संभाव्य म्हणता येईल, सिद्ध नव्हे. सकाळच्या प्रार्थनेला द्वोर्झाक चर्चमध्ये ऑर्गन वाजवी, याविषयी मात्र दुमत नाही. परक्या देशात मायबोलीतली भजने गाणारा गाव त्याला येथे मिळाला, हे त्या उन्हाळ्याच्या निर्मितीमागचे मोठे कारण मानावे लागते. त्याच्या बिऱ्हाडाच्या इमारतीत आता बिली बंधूंनी कोरलेल्या लाकडी घड्याळांचे संग्रहालय आहे.

कॅल्मर, ऑसिअन, रिजवे व कॅस्टेलिया ही अन्य लहान गावे. डेकोराजवळ सीड सेव्हर्स एक्स्चेंज या संस्थेचे पारंपरिक बियाणी जपणारे शेत १९८६ पासून आहे.