मोबाइलचे व्यसन: एका शब्दाची पार्श्वभूमी

देवगड-मालवणकडच्या घरांत आज मुलाचा मोबाइल तांदळाच्या डब्यात लपवणारी आई दिसते, तशीच मागच्या पिढीत नवऱ्याची बाटली चुलीमागच्या लाकडांत दडवणारी बाई दिसत असे. दोन्हींसाठी घरात शब्द एकच, व्यसन. आपल्याकडे हा शब्द नशेच्या पदार्थापुरता कधीच नव्हता. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाने टाळायच्या व्यसनांत मद्याबरोबर शिकार, फासे आणि दिवसाची झोपही मोजली आहे. वैद्यकशास्त्राने मात्र पदार्थाशिवायचे व्यसन मान्य करायला फार वेळ घेतला.

न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ आयव्हन गोल्डबर्ग यांनी १९९५ मध्ये ‘इंटरनेट व्यसन विकार’ ही संज्ञा काढली, ती निव्वळ विडंबन म्हणून. पुढच्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ किंबर्ली यंग यांनी तीच कल्पना गांभीर्याने मांडली आणि निकषांसाठी जुगाराच्या विकाराचा आधार घेतला. १९९८ मध्ये लंडनच्या संशोधकांनी व्हिडिओ गेम खेळताना मेंदूत डोपामिन हे सुखाशी जोडलेले रसायन स्रवते असे दाखवले. तो प्रयोग अवघ्या आठ पुरुषांवर झाला होता आणि डोपामिन आवडीच्या जेवणानेही स्रवते. तरीही ‘मोबाइल म्हणजे ड्रगच’ या म्हणण्याला तेव्हापासून बळ मिळत गेले.

मानसिक विकारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेने २०१३ मध्ये जुगाराला दारू आणि अमली पदार्थांच्या प्रकरणात आणून बसवले, पण इंटरनेटवरील गेमिंगचा विकार ‘अधिक अभ्यास हवा’ अशा विभागातच ठेवला. जागतिक आरोग्य संघटनेची अकरावी रोगसूची १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली; तिच्यात गेमिंगचा विकार आहे, मात्र खेळावरचा ताबा सुटणे, बाकी सारे मागे पडणे आणि नुकसान दिसूनही न थांबणे हे साधारणतः १२ महिने टिकलेले असावे लागते. नुसता मोबाइल पाहत बसणे हा आजार म्हणून या दोन्हींत कुठेही नाही. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने मात्र २०१४ मध्येच तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी स्वतंत्र उपचार केंद्र सुरू केले होते.

माझ्या मते दारू आणि मोबाइल यांतला भेद कोकणात फार जपायला हवा. दारू सोडवायची तर थेंबही नको, असे व्यसनमुक्ती केंद्रे शिकवतात, आणि ते योग्यच आहे. जुन्या पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली तर त्याला झटके येऊ शकतात, प्रसंगी जीवही जातो. मोबाइल काढून घेतल्यावर मूल चिडते, रडते, जेवत नाही, पण त्याच्या शरीराला असा धोका नसतो. उलट पूर्ण बंदीच येथे अशक्य आहे. २०२० च्या पावसाळ्यात याच मुलांना आपण ऑनलाइन शाळेच्या रेंजसाठी सड्यावर, म्हणजे उंच माळावर पाठवले होते, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही; आणि समुद्रात जाणाऱ्या नौकेला वाऱ्याचा इशारा व मासे मिळण्याच्या जागेची माहिती आज याच फोनवर येते.

घाटावर, सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये वेगळी वाट धरली. तेथे संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो, घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद होतात, मुले अभ्यासाला आणि मोठी माणसे गप्पांना बसतात, आणि दीड तासाने मोबाइल पुन्हा हातात येतात.