हेवीवेटचा ठोसा आणि मेंदूचा हिशेब

न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये २ नोव्हेंबर २०१३ च्या रात्री दोन अपराजित हेवीवेट बॉक्सर समोरासमोर आले. एक होता रशियातल्या दागेस्तानचा मागोमेद अब्दुसलामोव, वय ३२. त्याने १८ लढती खेळल्या होत्या आणि अठराही नॉकआउटने जिंकल्या होत्या. दुसरा क्यूबाचा माइक पेरेझ, तोही तोवर एकदाही न हरलेला. दहा राउंड दोघांनी एकमेकांना मनसोक्त धुतलं. खाली कुणीच पडलं नाही. गुणांवर पेरेझ जिंकला.

खरी घटना त्यानंतरची आहे. अब्दुसलामोव आपल्या पायांनी ड्रेसिंग रूममध्ये गेला. चेहरा सुजलेला होता आणि नाक मोडल्याची शंका होती. जखमेला टाके पडले, डॉक्टरांनी पाहिलं. मग डोकं दुखायला लागलं. बरोबरच्या माणसांनी त्याला हॉस्पिटलमध्ये नेलं ते टॅक्सीने. तिथल्या स्कॅनमध्ये मेंदूवर रक्त साचलेलं दिसलं. कवटी उघडून शस्त्रक्रिया झाली, तो कोमात गेला, वर पक्षाघाताचा झटकाही आला. जीव वाचला, पण चालणं गेलं आणि बोलणं जेमतेम उरलं. २०१७ मध्ये न्यूयॉर्क राज्याने त्याच्या कुटुंबाला २ कोटी २० लाख डॉलर द्यायचं मान्य केलं.

दोन अपराजित हेवीवेटची लढत ठरली की आता परभणीत काय, उमरग्यात काय, पोरांच्या मोबाइलवर त्याचे व्हिडिओ फिरू लागतात. कोण किती राउंडमध्ये कुणाला झोपवणार यावर चहाच्या हॉटेलात तास तास चर्चा होते. त्या चर्चेत कवटीच्या आतली गोष्ट कधीच निघत नाही. ती निघायला हवी, कारण बॉक्सिंग आता आपल्याही पोरापोरींचा खेळ झालाय. संभाजीनगरला विद्यापीठाच्या परिसरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र आहे, तिथे बॉक्सिंग शिकवतात. धर्माबाद, बासर ओलांडलं की निजामाबाद, म्हणजे २०२२ आणि २०२३ ची जगज्जेती निखत झरीन हिचं गाव. तिला पाहून नांदेडकडच्या मुलींनी ग्लोव्ह्ज मागितले तर त्यात नवल काय?

ठोशात किती जोर असतो, हे १९८५ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी मोजलं. फ्रँक ब्रुनो हा त्या वेळचा आघाडीचा हेवीवेट. एका लोंबत्या लक्ष्यावर त्याला ठोसा मारायला लावला. मूठ आदळली तेव्हा तिचा वेग सेकंदाला ८.९ मीटर होता, म्हणजे ताशी ३२ किलोमीटर. जोर भरला ४००० न्यूटनच्या वर. सुमारे ४०० किलो वजनाचा भार क्षणभर पडावा तेवढा. असा ठोसा माणसाच्या डोक्याला बसला तर डोक्याला गुरुत्वाकर्षणाच्या ५३ पट त्वरण मिळेल, असा हिशेब त्यांनी मांडला.

आता ठोसा खाणाऱ्याच्या बाजूने पाहू. साठ किलोचा बॉक्सर घ्या नाहीतर एकशे दहा किलोचा, मेंदू दोघांचाही साधारण १३०० ते १४०० ग्रॅमचाच. दंड वाढतात, मांड्या वाढतात, ठोशामागचं वजन वाढतं. मेंदू त्या प्रमाणात वाढत नाही आणि व्यायामाने तो कणखरही होत नाही. हेवीवेट गटाला वजनाची वरची मर्यादा नाही. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये साधारणपणे २०० पौंडांच्या, म्हणजे ९०.७ किलोंच्या वरचे त्यात येतात. म्हणून या गटात ठोसा सगळ्यात जड, आणि तो झेलणारा मेंदू मात्र तुमच्या-माझ्याएवढाच.

कवटीच्या आत मेंदू पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. सरळ धक्का हा द्रव बऱ्यापैकी सोसतो. खरा घात होतो तो डोकं गर्रकन फिरलं की. डब्यात लावलेला खरवस आठवा. डबा पुढे सरकवला तर खरवसाला काही होत नाही. तोच डबा हिसका देऊन गोल फिरवला तर खरवस कडेपासून सुटतो आणि आतून चिरतो. हनुवटीवर बाजूने आलेला हूक, म्हणजे कोपर वाकवून मारलेला ठोसा, नेमकं हेच करतो. हनुवटी म्हणजे डोक्याची लांब दांडी. टोकाला टोला बसला की सगळं डोकं मानेवर फिरतं. कवटी फिरते आणि मेंदू क्षणभर मागे राहतो. या ओढाताणीत मेंदूतले लांबलचक चेतातंतू ताणले जातात, काही तुटतात. खोल आत, मेंदूच्या देठाशी, आपल्याला जागं ठेवणारी यंत्रणा आहे. हिसका तिथवर पोचला की माणूस उभ्याचा आडवा होतो. त्यालाच आपण नॉकआउट म्हणतो.

न दिसलेला ठोसा जास्त लागतो, असं बॉक्सर सांगतात. त्याचं कारण मानेत आहे. ठोसा येताना दिसला तर मानेचे स्नायू आधीच आवळले जातात आणि डोकं धडाशी बांधल्यासारखं राहतं. बेसावध असताना ते एकटंच फिरतं.

माणूस पडला नाही, नुसता क्षणभर गांगरला, तरी आत बरंच काही घडलेलं असतं. ताणलेल्या पेशींमधून पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत घुसतं. हा तोल परत सावरायला पेशींना एकदम भरपूर ऊर्जा लागते, आणि नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा घटतो. ही तूट काही दिवस, कधी काही आठवडे राहते. तेवढ्या काळात दुसरा मार बसला तर तो पहिल्यापेक्षा कमी जोराचा असूनही जास्त नुकसान करतो. कोवळ्या वयाच्या खेळाडूंत अशा दुसऱ्या मारानंतर मेंदू झपाट्याने सुजून मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत.

अब्दुसलामोवच्या बाबतीत झालं ते याहून वेगळं, आणि रिंगमधले बहुतेक मृत्यू त्याच प्रकारचे असतात. मेंदूच्या पृष्ठभागावरून बाहेरच्या जाड आवरणाकडे बारीक शिरा जातात. मेंदू हिसकला की त्यातली एखादी फाटते. रक्त हळूहळू पाझरतं, आवरणाखाली साचतं आणि मेंदूला दाबू लागतं. कवटीला तर फुगायला जागाच नाही. सुरुवातीची काही मिनिटं, कधी तासही, माणूस चालतो, बोलतो, फोटो काढून घेतो. मग डोकं दुखतं, उलटी होते, बोलणं जड होतं, डोळ्यांची एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसू लागते. १९८१ मध्ये अमेरिकेत अशा ८२ रुग्णांचा अभ्यास झाला होता. मार लागल्यापासून चार तासांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांतले ३० टक्के दगावले. चार तासांनंतर झालेल्यांतले ९० टक्के.

हा धोका फक्त हेवीवेटचा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये तोक्योत एकाच संध्याकाळच्या कार्यक्रमात खेळलेले दोन जपानी बॉक्सर असाच रक्तस्राव होऊन काही दिवसांत गेले, आणि दोघेही हलक्या वजनाचे होते. १९८२ मध्ये लास वेगासला १४ व्या राउंडला पडलेला कोरियाचा किम दुक-कू हाही लाइटवेटच. त्याच्या मृत्यूनंतर जागतिक विजेतेपदाच्या लढती १५ राउंडांवरून १२ वर आल्या. नियम बदलायला माणूस मरावा लागतो, हे या खेळाच्या इतिहासात वारंवार दिसतं आणि मला ते फार लागतं.

जीव जाणं ही तशी विरळा घटना. त्यापेक्षा कितीतरी जास्त जणांना गाठतो तो सावकाश येणारा आजार. १९२८ मध्ये हॅरिसन मार्टलँड या अमेरिकी डॉक्टरने लिहून ठेवलं की बरेच जुने बॉक्सर दारू न पिताही झिंगल्यासारखे चालतात, बोलताना अडखळतात. १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये रॉबर्ट्स यांनी निवृत्त व्यावसायिक बॉक्सरांची यादी घेऊन त्यातले लोक चिठ्ठ्या काढल्यासारखे निवडले आणि तपासले. १७ टक्क्यांत मेंदूला इजा झाल्याची लक्षणं सापडली. १९७३ मध्ये कॉर्सेलिस आणि सहकाऱ्यांनी १५ बॉक्सरांचे मेंदू त्यांच्या मृत्यूनंतर उघडून पाहिले आणि त्यात ठरावीक प्रकारची झीज आढळली. आज या आजाराला सीटीई (क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी) म्हणतात. मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती, ‘टाऊ’ नावाचं प्रथिन गुंतागुंतीच्या गाठी करून साचतं. विसराळूपणा, चिडचिड, नैराश्य, मग बुद्धिभ्रंश अशी ही वाट आहे. खात्रीचं निदान अजूनही मृत्यूनंतरच होतं.

इथेच अपराजित असण्याचा आणि मेंदूचा हिशेब वेगळा होतो. रेकॉर्डमध्ये लढती मोजतात. मेंदूत मोजला जातो प्रत्येक ठोसा, जिंकलेल्या लढतीतलासुद्धा. ८ मार्च १९७१ ला जो फ्रेझियर २६ विजयांसह आणि मुहम्मद अली ३१ विजयांसह रिंगमध्ये आले, दोघेही अपराजित. १५ राउंडांनंतर फ्रेझियर जिंकला, आणि जिंकूनही पुढचे काही दिवस हॉस्पिटलमध्ये होता. अलीला १९८४ मध्ये पार्किन्सनचं निदान झालं. त्याला बॉक्सिंग किती कारणीभूत, यावर डॉक्टरांमध्ये आजही एकमत नाही, म्हणून मी ते ठामपणे लिहिणार नाही. पण त्या दोघांशीही लढलेला हेवीवेट जेरी क्वॉरी १९९९ मध्ये ५३ व्या वर्षी गेला, तेव्हा त्याला बॉक्सरांना होणारा बुद्धिभ्रंश झालेला होता आणि स्वतःचे कपडेही त्याला घालता येत नव्हते.

शिवाय लढत वर्षातून दोन-तीनदा होते, सराव रोज. स्पॅरिंगमध्ये, म्हणजे जोडीदाराशी खेळलेल्या सरावाच्या लढतीत, बसणाऱ्या ठोशांनी सहसा कुणी बेशुद्ध पडत नाही, कुणी ते लिहून ठेवत नाही. सीटीईबद्दल आज जी समज आहे तिच्यानुसार एखाद्या मोठ्या नॉकआउटपेक्षा वर्षानुवर्षं साचत गेलेला हा बारीकसारीक मार जास्त महत्त्वाचा आहे. माझ्या मते या खेळात बदलण्याजोगी सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे.

ग्लोव्ह्ज आहेत ना, असं कुणी म्हणेल. ग्लोव्ह्ज वाचवतात ते मारणाऱ्याच्या हाताची हाडं. उघड्या मुठीने कवटीवर पूर्ण ताकदीने मारलं तर बोटं मोडतात, म्हणून माणूस जपून मारतो. गादी आली की ती भीती जाते. हेडगार्डने भुवई फुटणं, कान चिरणं कमी होतं. डोकं गर्रकन फिरणं त्याने फारसं थांबत नाही. २०१३ पासून वरिष्ठ पुरुषांच्या हौशी स्पर्धांतून हेडगार्ड काढूनच टाकला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष त्याच्याविना खेळले.

आपल्याकडे लढत म्हटली की कुस्ती. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आले, पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ मध्ये तेच केलं. माळेगावच्या यात्रेत कुस्त्यांचा फड आजही भरतो. कुस्तीतही मान मोडू शकते, गुडघे जातात, पैलवानाचे कान चेपतात. पण तिथे जिंकायला प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लावायची असते. बॉक्सिंगमध्ये निर्विवाद विजय म्हणजे समोरच्याचा मेंदू दहा अंकांपर्यंत बंद पाडणं. म्हणून मेंदूची इजा हा या खेळातला अपघात म्हणता येत नाही. जागतिक वैद्यकीय संघटनेने १९८३ मध्येच बॉक्सिंगवर बंदीची शिफारस केली ती याच कारणाने.

बंदी यावी असं मला वाटत नाही. बंदी आली तर हा खेळ डॉक्टर नसलेल्या गोडाउनांत जाईल. पण शाळकरी पोरांच्या बाबतीत मी कडक आहे. गेल्या हिवाळ्यात आमच्याकडच्या एका शालेय स्पर्धेत एका मुलाला ठोसा बसला, रेफरीने आठपर्यंत मोजलं. मुलगा उभा राहिला, मान डोलावली, लढत पूर्ण केली. कोपऱ्यात येऊन त्याने विचारलं, “सर, आपला दुसरा राउंड कधी हाय?” दुसरा राउंड खेळून झाला होता. आजूबाजूची पोरं हसली, सरांनी त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं आणि पाठ थोपटली. काही मिनिटं आठवणीतून पुसली जाणं हे मेंदूला मार बसल्याचं पक्कं लक्षण आहे, हे त्या मंडपात कुणालाच ठाऊक नव्हतं.

हौशी बॉक्सिंगच्या नियमांत याची तरतूद आहे. डोक्याच्या माराने लढत थांबली तर किमान ३० दिवस लढत नाही आणि स्पॅरिंगही नाही. तीन महिन्यांत दोनदा झालं तर ९० दिवस, वर्षात तीनदा झालं तर पूर्ण वर्ष. आईवडिलांनी क्लासच्या सरांना हे बेधडक विचारावं: डोक्यावर मार घेऊन स्पॅरिंग आठवड्यातून किती वेळा होतं? मार बसल्याची नोंद कुठल्या वहीत आहे? चौदा-पंधरा वर्षांपर्यंत पायांची चाल, बॅगवरचा सराव आणि मानेचा व्यायाम एवढ्यावर पोरं उत्तम बॉक्सर घडतात. जोर, बैठका आणि मान घोटण्यात आपले वस्ताद तरबेज आहेतच, त्यांची मदत घ्यावी.

आणि घरी आल्यावर पोरगं म्हणालं, “डोकं ठणकतंय,” तर आपल्याकडे ठरलेलं उत्तर असतं, गोळी घे अन् झोप. ते देऊ नका. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या रक्तस्राव वाढवू शकतात. उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, तेच तेच विचारणं, हातापायात अशक्तपणा, बाहुल्या लहानमोठ्या, किंवा हलवूनही नीट जाग न येणं, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन व मेंदूची शस्त्रक्रिया दोन्ही होतात अशाच ठिकाणी न्या. किनवट-माहूरकडून नांदेड गाठायलाच अडीच-तीन तास जातात, आणि हातात असतात चार.