उलाढाल वाढली म्हणजे खप वाढला असं नाही

२०२१ ची दिवाळी आठवा. करोनाची दुसरी लाट ओसरून जेमतेम चार-पाच महिने झाले होते आणि पुण्याच्या लक्ष्मी रोडवर पुन्हा पाय ठेवायला जागा नव्हती. ४ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन झालं. त्याच महिन्यात दोन बातम्या आल्या. पहिली व्यापाऱ्यांच्या ‘कॅट’ या देशव्यापी महासंघाची: यंदाच्या दिवाळीत सव्वा लाख कोटी रुपयांचा व्यापार झाला, गेल्या दहा वर्षांतला सर्वांत मोठा. दुसरी वाहन विक्रेत्यांच्या ‘फाडा’ या संघटनेची: सणाच्या ४२ दिवसांतली किरकोळ विक्री आदल्या वर्षीपेक्षा १८ टक्क्यांनी घटली, गेल्या दहा वर्षांतला सर्वांत वाईट सणाचा हंगाम.

दिवाळी एकच. एक म्हणतो दशकातली सर्वांत चांगली, दुसरा म्हणतो सर्वांत वाईट. माझ्या ओळखीच्या बहुतेकांनी आपल्याला आवडेल ती बातमी उचलली आणि पुढे पाठवली. दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे फार थोड्यांच्या लक्षात आलं. पहिल्याने रुपये मोजले होते, दुसऱ्याने गाड्या. (मोटारींची घट बरीचशी चिपच्या तुटवड्यामुळे होती, हे मान्य. पण दुचाकीही १८ टक्क्यांनीच घटल्या होत्या आणि तिथे गावाकडचं, पहिली गाडी घेणारं गिऱ्हाईकच कमी झालं होतं.)

छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहिण्यात माझी वीस-बावीस वर्षं गेली. हा घोटाळा दर दिवाळीला होतो आणि दर वेळी मला त्याचा त्रास होतो, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

उलाढाल सगळ्यांना कळते. दिवसभरात फाडलेल्या बिलांची बेरीज म्हणजे उलाढाल. त्यावर जास्त बोलण्यात अर्थ नाही.

खप म्हणजे किती माल उठला. साड्या किती, तेलाचे डबे किती, सोनं किती तोळे, गाड्या किती. रुपयांशी त्याचा संबंध नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडी हाच शब्द होता: ‘यंदा गुळाचा खप नाही.’ गूळ किती रुपयांचा गेला हे त्या म्हणत नसत, किती गेला ते म्हणत. वर्तमानपत्रांनी आणि टीव्हीने ‘विक्री’ हा एकच शब्द दोन्हींसाठी वापरायला सुरुवात केली आणि तिथून गोंधळ झाला. ‘विक्री २० टक्क्यांनी वाढली’ हे वाक्य मला सहन होत नाही. कशाची वीस टक्के? नगांची की नोटांची? ते सांगितलेलं नसेल, तर ते वाक्य मी पुढे वाचत नाही.

सोन्याचं उदाहरण सर्वांत स्वच्छ आहे. जागतिक सुवर्ण परिषदेच्या आकड्यांनुसार जुलै ते सप्टेंबर २०२५ या तिमाहीत भारतातली सोन्याची मागणी २०९.४ टन होती. आदल्या वर्षी याच तिमाहीत ती २४८.३ टन होती. म्हणजे खप १६ टक्क्यांनी घटला. आता रुपयांत पाहा: १,६५,३८० कोटींवरून २,०३,२४० कोटी. उलाढाल २३ टक्क्यांनी वाढली. वरची ओळ वाचणारा म्हणेल लोकांनी हात आखडता घेतला. खालची वाचणारा म्हणेल लोकांकडे पैसा खुळखुळतोय. मधल्या जागेत उभा आहे तो भाव, जो वर्षभरात सरासरी सुमारे ४६ टक्क्यांनी चढला. जुलै २०२४ मध्ये आयात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आणल्यामुळे त्या तिमाहीत खरेदीची झुंबड उडाली होती, हेही खरं. तरीही घट ही घटच.

सराफाच्या दुकानात आणखी एक गोष्ट होते, जी आकड्यांच्या बातम्यांत कधी येत नाही. बाई जुन्या दोन तोळ्यांच्या पाटल्या मोडीत घालते आणि दोन तोळ्यांचं नवं गंठण घेते. खिशातून जाते फक्त घडणावळ, वितळवताना धरलेली घट आणि कर. पण नव्या गंठणाचं बिल पूर्ण किमतीचं फाटतं. भाव चढले की मोड वाढते, आणि दुकानाची उलाढाल फुगते. त्या घरात मात्र गुंजभरही नवं सोनं आलेलं नसतं.

साबण-तेलाच्या धंद्यात हा फरक रोज मोजला जातो, कारण त्या कंपन्यांना स्वतःला फसवून चालत नाही. हिंदुस्तान युनिलिव्हरने जानेवारी ते मार्च २०२२ च्या तिमाहीचा निकाल जाहीर केला तेव्हा उलाढाल सुमारे १० टक्क्यांनी वाढली होती आणि खप जागच्या जागी होता. वाढ झाली ती भाववाढीमुळे. कंपनीने दोन्ही आकडे स्वतंत्र दिले होते. बातमीच्या मथळ्यांत मात्र नेहमीप्रमाणे नफा आणि उलाढालच गाजली.

इथे खपाचीही एक बारीक गाठ आहे, आणि तीच लोकांना सर्वांत जास्त फसवते. पाच आणि दहा रुपयांच्या पुड्यांची किंमत कंपन्यांना वाढवता येत नाही. गिऱ्हाईक सुटं नाणं पुढे करतं आणि पुडा मागतं, सहा रुपये त्याला चालत नाहीत. म्हणून पामतेल, गहू महागले की कंपन्या पुड्यातलं वजन कमी करतात. पुडा तोच, रंग तोच, किंमत तीच, आत बिस्किटं एक-दोन कमी. दुकानदाराला विचारा, तो सांगेल पूर्वीइतकेच पुडे जातात. त्याचे नग तेच, गल्लाही तोच. पण टनांत मोजलं तर खप खाली आलेला असतो. म्हणून खपाचा आकडा हातात आला तरी एक प्रश्न उरतोच: नग मोजले की वजन? खाण्याच्या जिनसांत मी वजनच धरतो. पोटात पुडा जात नाही, बिस्किट जातं.

तिसरी तऱ्हा कापड दुकानात दिसते. तिथे भाव न वाढताही उलाढाल वाढू शकते. समजा, एका दुकानाने गेल्या दिवाळीत सरासरी दीड हजारांच्या २०० साड्या विकल्या: तीन लाख रुपये. यंदा १५० च साड्या गेल्या, पण भारीतल्या, सरासरी २,२०० रुपयांच्या: तीन लाख तीस हजार. पाडव्याला मालक पेढे वाटतो, दहा टक्के धंदा वाढला म्हणून, आणि त्याच्या बाजूने ते बरोबरच आहे. पण पन्नास साड्या कमी गेल्या. ज्या बायका दरवर्षी सातशे-आठशेची साडी घ्यायच्या त्या दुकानाची पायरीच चढल्या नाहीत. त्यांची जागा पैठणी घेणाऱ्या थोड्या जणींनी रुपयांत भरून काढली, माणसांत नाही. करोनानंतरच्या काळात महाग फ्लॅट, महाग मोटारी, महाग फोन जोरात आणि स्वस्त वस्तू थंड, असं जे आपण पाहिलं त्याचं हे घरगुती रूप. दुचाकींचंच पाहा. २०१८-१९ मध्ये देशात दोन कोटी दहा लाखांहून अधिक दुचाकी विकल्या गेल्या. २०२१-२२ मध्ये हा आकडा एक कोटी पस्तीस लाखांच्या आसपास घसरला. मधल्या काळात नवे प्रदूषण निकष आले, विम्याचे नियम बदलले, लोखंड महागलं आणि प्रत्येक गाडीची किंमत वाढली. फक्त रुपये पाहिले असते तर खड्डा एवढा खोल दिसलाच नसता.

आता मी खपालाच इतकं का धरून बसतो ते सांगतो. आपल्याकडची मजुरी बिलाच्या रकमेवर मिळत नाही, नगावर मिळते. इचलकरंजीत यंत्रमागावरचा दर पिकाच्या, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या, पैशांत ठरतो. कापड दुकानात कितीला गेलं याच्याशी त्याचा संबंध नसतो. ब्लाउज शिवणाऱ्या बाईला ब्लाउजमागे पैसे मिळतात. साडी पाच हजारांची असो की पाचशेची, फॉल-बिडिंगचा दर जवळपास तोच. बाजार समितीतल्या हमालाची मजुरी पोत्यावर. डाळ महागली म्हणून पोत्याची हमाली वाढत नाही, पण डाळीचा खप घटला तर त्याची पाठ रिकामी राहते आणि खिसाही. वरच्या उदाहरणातल्या पन्नास न विकलेल्या साड्या म्हणजे पन्नास न विणलेल्या साड्या, पन्नास न लागलेले फॉल, पन्नास न शिवलेले ब्लाउज. अर्थव्यवस्था सावरतेय की नाही हे या माणसांच्या हाताला काम आहे की नाही यावरून ठरतं, आणि ते काम उलाढालीत दिसतच नाही. म्हणून ‘बाजारपेठा फुलल्या, विक्रमी उलाढाल’ असा मथळा पाहिला की मला राग येतो. तो खोटा नसतो, पण जो माणूस त्यातून वगळला जातो त्याला तो अदृश्य करतो.

यावर हुशार माणसं म्हणतात, ‘सोपं आहे, उलाढालीच्या वाढीतून महागाई वजा करा.’ तत्त्व बरोबर आहे. उलाढाल १० टक्के वाढली आणि भाव ७ टक्के वाढले तर खप अडीच-तीन टक्के वाढला. पण भाव कुणाचे? सगळे जण किरकोळ महागाईचा एकच सरकारी आकडा घेतात आणि तो सोन्यातून, मोटारींतून, फटाक्यांतून, सरसकट वजा करतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये हा आकडा फक्त ०.२५ टक्के होता, कारण भाज्या-डाळी उतरल्या होत्या. त्याच महिन्यात सोनं वर्षभरापूर्वीपेक्षा निम्म्याहून अधिक महाग होतं. धनत्रयोदशीच्या सोन्याच्या उलाढालीतून पाव टक्का वजा करून कुणी ‘खरी वाढ’ काढत असेल, तर तो कांद्याच्या भावाने सोनं तोलतोय. ज्या वस्तूची उलाढाल, त्याच वस्तूची भाववाढ वजा करायची. दुसरा मार्ग नाही.

बाकीचे घोटाळे छोटे आहेत. कारखान्याने वितरकाकडे पाठवलेला माल आणि गिऱ्हाइकाने घरी नेलेला माल वेगळा असतो. दसऱ्याआधी कंपन्यांचे आकडे नेहमीच छान दिसतात, कारण गोदामं भरली जातात. ‘विक्रमी जीएसटी’ हाही रुपयांचाच आकडा आहे, शिवाय एक महिना मागचा: ऑक्टोबर २०२१ चा एक लाख तीस हजार कोटींचा भरणा मुख्यतः सप्टेंबरच्या विक्रीवरचा होता. गर्दीचा फोटो हा कशाचाच पुरावा नाही. आणि खड्ड्यातून वर येतानाची टक्केवारी नेहमी मोठी दिसते: एप्रिल ते जून २०२० मध्ये देशाचं उत्पन्न सुमारे २४ टक्क्यांनी आकसलं, पुढच्या वर्षी त्याच तिमाहीत २० टक्क्यांनी वाढलं. शंभराचे शहात्तर झाले आणि शहात्तराचे एक्क्याण्णव. वीस टक्के वाढूनही आपण दोन वर्षांपूर्वीच्या मागेच होतो.

दिवाळीच्या एकूण व्यापाराचे जे आकडे येतात ते तर मोजणी नव्हे, संघटनेचा अंदाज असतो. ‘कॅट’चा २०२२ चा आकडा दीड लाख कोटी होता आणि २०२३ चा पावणेचार लाख कोटी. एका वर्षात अडीचपट. माझ्याकडच्या एकाही दुकानदाराच्या वहीत असं काही घडलं नाही, तुमच्या ओळखीच्या कुणाच्या घडलं असेल असंही मला वाटत नाही. अंदाजाचा पट्टा रुंदावला की आकडा रुंदावतो. अशा दोन वर्षांची तुलना करूच नये.

उलाढाल निरुपयोगी आहे असं मात्र मी म्हणत नाही. दुकानाचं भाडं, बँकेचा हप्ता, नोकरांचे पगार रुपयांत द्यावे लागतात. पन्नास टक्के सवलत लावून माल उठवला तर खप उंच जातो आणि मालक बुडतो, हेही मी जवळून पाहिलं आहे. दुकान टिकेल का, हे उलाढालीला आणि तिच्यातल्या नफ्याला विचारावं. लोकांची परिस्थिती सुधारली का, हे खपाला विचारावं.

आणि हा फरक उलट्या दिशेनेही चालतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारी आणि ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. करापूर्वी लाखाची असलेली गाडी १,२८,००० ऐवजी १,१८,००० ला मिळू लागली. एखाद्या शोरूमने आधी शंभर गाड्या विकल्या आणि आता एकशे पाच, तर गिऱ्हाइकांनी दिलेली एकूण रक्कम एक कोटी अठ्ठावीस लाखांवरून एक कोटी चोवीस लाखांच्या खाली येते. रुपये मोजणारा म्हणेल धंदा बसला. प्रत्यक्षात पाच घरांत जास्तीच्या गाड्या उभ्या राहिल्या. त्या सणाच्या ४२ दिवसांत ‘फाडा’ने ५२.३८ लाख वाहनं मोजली, आदल्या वर्षी ४३.२५ लाख होती. हा आकडा मी बिनधास्त वापरतो, कारण तो नगांचा आहे आणि नोंदणीवरून काढलेला आहे.

माझ्याकडे येणाऱ्या दुकानदारांना मी पाडव्याला नव्या वहीत रकमेच्या शेजारी एक रिकामा रकाना आखून देतो, नगांसाठी. बरेच जण तो कार्तिकी एकादशीपर्यंत भरतात आणि सोडून देतात. भांड्यांचं दुकान असलेल्या एका आजींनी मात्र २०१९ पासून तो एकदाही रिकामा ठेवलेला नाही. त्यांच्या वहीत धनत्रयोदशीला गेलेल्या पितळी समयांचा आकडा अजून २०१९ ला पोचलेला नाही. रकमेचा रकाना केव्हाच पुढे निघून गेला आहे.