आपोआप वळते होणारे अर्पण: एका वादाची पार्श्वभूमी

ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, अर्पणासाठी डिजिटल साधने वापरावीत की नाही, हा वाद 2020 साली बहुतांशी मिटला. महासाथीत उपासनागृहांची दारे बंद झाली, तेव्हा हा विषय वर्षानुवर्षे पुढे ढकलणाऱ्या अनेक मंडळ्यांनीही काही आठवड्यांतच ऑनलाइन अर्पणाची सोय केली. मिटला नाही तो प्रश्न वेगळाच आहे: दरमहा खात्यातून आपोआप वळती होणारी रक्कम हे अर्पण मानावे का, आणि ॲपने तो पर्याय दात्याच्या वतीने आधीच निवडून ठेवावा का?

या गुंत्याच्या मुळाशी ‘दशांश’, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, हा शब्द आहे. बायबलमधील मलाखीच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात तो भांडारात आणण्याची आज्ञा आहे. प्रेषित पौल मात्र करिंथ येथील मंडळीला लिहिताना कोणताही हिस्सा ठरवून देत नाही, ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे, संतोषाने द्यावे, असे सांगतो. पुढे 585 साली आजच्या फ्रान्समधील मॅकाँ येथील धर्मपरिषदेने दशांश चुकवणाऱ्यांसाठी बहिष्काराची शिक्षा ठरवली आणि 779 साली फ्रँकांचा राजा शार्लमेन याने दशांशाला राजाज्ञेचे बळ दिले. फ्रान्समध्ये 1789 च्या क्रांतीत तो रद्द झाला, तोवर त्याचे रूप कराचेच झाले होते. त्यामुळे एखादे ॲप उत्पन्न विचारून दहा टक्क्यांचा आकडा पडद्यावर आणते, तेव्हा ती केवळ आकडेमोड राहत नाही. सक्तीची ती जुनी आठवणही जागी होते.

नियमितपणा मात्र सक्तीतून आलेला नाही. आठवड्याच्या पहिल्या दिवशी मिळकतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावे, हेही पौलाचेच सांगणे, आणि रविवारची तारीख छापलेली अर्पणाची पाकिटे त्याच वळणाची होती. 2010 च्या हैती भूकंपानंतर फोनवरच्या एका संदेशाने दहा डॉलर देता आले, तेव्हा देण्याची इच्छा आणि प्रत्यक्ष देणे यांतले अंतर किती कमी करता येते, हे मंडळ्यांनाही दिसले. 2018 साली इंग्लंडमध्ये 16,000 हून अधिक उपासनास्थळांना कार्ड-यंत्रे उपलब्ध झाली.

माझ्या मते दात्याने स्वतः विचार करून बँकेला दिलेली मासिक सूचना ही पौलाच्या सांगण्याला धरूनच आहे, कारण निर्णय त्याच्या मनात झालेला असतो. तीच निवड ॲपने आधी करून ठेवली, तर रक्कम वाढेलही, पण मनाने ठरवणे मधूनच गळून पडते. शिवाय कार्डाचे शुल्क मंडळीच्या वाट्यातून जाते, आणि ते आपण भरावे का, हेही दात्याला उघडपणे विचारले पाहिजे.

राहतो प्रश्न उपासनेतल्या कृतीचा. अर्पणाची थैली समोरून जाताना हात रिकामे राहतात, ही खंत ऑनलाइन देणाऱ्यांनीच बोलून दाखवली, म्हणून काही मंडळ्यांनी बाकांवर ‘मी ऑनलाइन अर्पण केले आहे’ अशी छोटी कार्डे ठेवली. ती थैलीत टाकली जातात आणि इतर अर्पणाबरोबरच वेदीपाशी नेली जातात.