बोनफिशची हिवाळी मासेमारी

उष्ण समुद्रातल्या गुडघाभर पाण्याच्या पट्ट्यांवर, म्हणजे 'फ्लॅट'वर, हिवाळ्यात बोनफिश हेरून गळाला लावण्याचा खेळ. बहामा, फ्लोरिडा कीज, क्यूबा, बेलीझ आणि मेक्सिकोतील युकातानचा किनारा ही त्याची नावाजलेली ठिकाणे. तिथला मुख्य मासा अल्बुला व्हल्पीस (बोनफिशच्या एका जातीचे शास्त्रीय नाव). त्याचे खवले आरशासारखे चकाकतात, त्यामुळे मासा दिसण्याआधी बहुधा वाळूवरची त्याची सावलीच दिसते.

हिवाळ्यात कॅलेंडरपेक्षा पाण्याचे तापमान महत्त्वाचे. उत्तर अमेरिकेतून थंड हवेची लाट उतरली की वारा वायव्येकडे फिरतो, आकाश भरून येते आणि उथळ पाणी रात्रीत गार पडते. तापमान साधारण 20 अंश सेल्सिअसच्या खाली गेले की मासे खोल पाण्यात सरकतात. अशा दिवशी पहाटे निघण्याची घाई व्यर्थच. रात्रभर गारठलेल्या फ्लॅटवर भरतीबरोबर खोल समुद्राचे तुलनेने उबदार पाणी चढते, दुपारी उन्हाने तळ तापतो, आणि मग मासे परततात. जानेवारी 2010 च्या कडाक्याच्या थंडीत फ्लोरिडात बोनफिशसह असंख्य मासे मेले होते. प्रशांत महासागरातल्या, विषुववृत्ताजवळच्या किरितिमातीसारख्या बेटांवर मात्र ही चिंता जवळपास नसते.

वाटाड्या होडीच्या मागच्या चौथऱ्यावर उभा राहून लांब काठीने ती रेटतो. होडीच्या नाकासमोर घड्याळातले बारा धरून तो माशाची दिशा हलकेच सांगतो, 'अकरा वाजता, चाळीस फूट.' कोळंबी किंवा खेकड्याच्या रूपातली फ्लाय, म्हणजे गळावरचे कृत्रिम आमिष, माशाच्या पुढ्यात, पण अंगावर नव्हे, पडावी लागते. खेकडे-शिंपले उकरताना मासा डोके खाली घालतो आणि शेपटीचे टोक पाण्याबाहेर थरथरते. नजर तिथेच खिळते. माशाने फ्लाय तोंडात घेतली की गळाची काठी वर उचलायची नाही, दोरी हाताने सरळ मागे ओढायची. नवख्याचा मासा सुटतो तो बहुतेक याच क्षणी. नीट लागलेला मासा क्षणार्धात कितीतरी मीटर दोरी घेऊन पळतो.

बहामात बोनफिशचा विणीचा हंगामही साधारण ऑक्टोबर ते एप्रिल असतो. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास हजारो मासे किनाऱ्याजवळ गोळा होतात, पृष्ठभागावर येऊन हवा गिळतात आणि अंधार पडताना खोल समुद्राकडे निघतात. अशा थव्यावर गळ टाकणे जाणकारांना रुचत नाही.

बेलीझने 2009 मध्ये आणि फ्लोरिडाने 2013 मध्ये पकडलेला बोनफिश सोडून देणे बंधनकारक केले. हात ओले करून, मासा शक्यतो पाण्यातच ठेवून गळ काढतात. दमलेल्या माशाच्या मागावर लेमन शार्क आणि बॅराकुडा असतातच.